यंत्र-पहारेकऱ्याच्या हाती बंदूक द्यावी का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण कोरिया आणि इस्राएल यांनी आपापल्या सीमेवर बंदूक जोडलेली यंत्रे बसवली आहेत. ती थकत नाहीत, पेंगत नाहीत, थंडीने गारठत नाहीत. मग नियंत्रण रेषेवर बर्फात उभ्या राहणाऱ्या आपल्या जवानांच्या जागी अशी यंत्रे का लावू नयेत, आणि गोळी झाडण्याची अंतिम परवानगी माणसाकडेच ठेवली तर नैतिक अडचण उरतेच कुठे? तिचे वडील सैन्यात होते आणि तिच्या गटाने वर्षाच्या प्रकल्पासाठी असाच एक छोटा यंत्र-पहारेकरी करायला घेतला आहे, हेही तिने लिहिले आहे.

प्रश्न कळकळीने विचारला आहे, म्हणून उत्तरही हातचे न राखता देतो. मी २६ वर्षे परिसर-सुरक्षेच्या यंत्रणा उभारण्याचे काम केले. कुंपणावरचे कंपन टिपणारे सेन्सर, थर्मल कॅमेरे, जमिनीलगतची हालचाल पाहणारे रडार, आणि या सगळ्यांचे संकेत एका पडद्यावर आणणारे नियंत्रण कक्ष, हे माझे रोजचे काम होते. बंदूक जोडलेली यंत्रणा मी कधी बसवली नाही. पण अशी बंदूक ज्या डोळ्यांच्या भरवशावर चालणार, ते डोळे मी बसवले आहेत, आणि ते कुठे फसतात हे रात्र-रात्र जागून पाहिले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की पहारा यंत्राला जरूर द्यावा, बंदूक देऊ नये. आणि ‘परवानगी माणसाचीच’ ही अट ऐकायला जितकी भक्कम वाटते तितकी ती प्रत्यक्षात नसते.

आधी ही यंत्रे काय आहेत ते पाहू. कोरियाच्या दोन भागांमधला निर्लष्करी पट्टा सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद आहे. १९५३ च्या युद्धविरामाने तो आखला गेला, आणि नाव निर्लष्करी असले तरी त्याच्या दोन्ही कडांना प्रचंड फौजफाटा तैनात आहे. २००६ साली सॅमसंग टेकविन या कंपनीने ‘एसजीआर-ए१’ नावाचा यंत्र-पहारेकरी लोकांपुढे आणला, आणि २०१० मध्ये तो या पट्ट्यालगत चाचणीसाठी बसवण्यात आला. साधा कॅमेरा, थर्मल कॅमेरा, माइक, स्पीकर आणि ५.५६ मिलिमीटरची हलकी मशीनगन असा त्याचा सरंजाम. समोरच्याला परवलीचा शब्द विचारणे आणि हात वर करून शरण येणारा माणूस ओळखणे, या गोष्टी त्याला येतात असे सांगितले गेले. त्याच सुमारास दोदाम सिस्टिम्स या दुसऱ्या कोरियन कंपनीने ‘सुपर ईजिस २’ आणला. त्याची बंदूक १२.७ मिलिमीटरची, आणि गोळीआधी तो स्पीकरवरून मागे फिरण्याचा इशारा देतो. इस्राएलने गाझाच्या कुंपणालगतच्या बुरुजांवर राफाएल कंपनीच्या दूरनियंत्रित मशीनगना बसवल्या. तिथे नियंत्रण कक्षात बसलेल्या तरुण महिला सैनिक पडद्यावर पाहून त्या चालवतात.

दक्षिण कोरियाला याची गरज का वाटली, हेही समजून घेतले पाहिजे, कारण ती गरज खरी आहे. तिथला जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत खाली आला. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी मुलेच कमी पडू लागली, तर अडीचशे किलोमीटरच्या कुंपणावर उभे कुणी राहायचे? यंत्राकडे वळणाऱ्या देशाला क्रूर ठरवून मोकळे होणे मला पटत नाही.

मात्र या कहाणीत एक बारकावा आहे. सुपर ईजिसच्या निर्मात्यांनी २०१५ मध्ये उघडपणे सांगितले होते की मूळ यंत्र आपणहून गोळी झाडू शकेल असेच बनवले होते. ग्राहकांनीच सुरक्षेच्या अटी मागितल्या, म्हणून माणसाने संकेतशब्द दिल्याशिवाय बंदूक सुटणार नाही अशी सोय नंतर करण्यात आली. म्हणजे ‘परवानगी माणसाची’ ही त्या यंत्राची घडण नव्हती, ती वरून घातलेली कडी होती, आणि कडी सॉफ्टवेअरमध्ये होती. सॉफ्टवेअरमधली कडी काढायला लोहार लागत नाही. युद्ध सुरू झाले, माणसे कमी पडू लागली, की एका रात्रीत ती काढता येते आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता पहारा या शब्दाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेत तोच नीट पाहिला जात नाही. आपल्या फौजेत रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात हालचाल दिसली की आधी ललकारतो: “थम, कौन आता है?” तुमच्या वडिलांनी हे शेकडो वेळा म्हटले असेल. त्या चार शब्दांत पहाऱ्याचे सगळे सार आहे. पहारेकऱ्याचे पहिले काम समोरचा कोण आहे हे ठरवणे. तो आपला असू शकतो, वाट चुकलेला असू शकतो, जखमी असू शकतो, शरण येणारा असू शकतो, आणि कधीतरी शत्रूही असू शकतो. ललकारीनंतरच्या त्या काही क्षणांत शिपाई उत्तराचा सूर ऐकतो, पावलांची लय पाहतो, समोरचा घाबरला आहे की दबा धरतो आहे याचा अंदाज घेतो. गोळी हा त्या कामाचा अगदी शेवटचा आणि क्वचित येणारा भाग आहे.

२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री उत्तर कोरियाचा एक सैनिक पूर्व किनाऱ्याकडच्या गोसेओंग भागात एकामागून एक कुंपणे ओलांडून दक्षिणेत आला. तो कुणालाही दिसला नाही. शेवटी त्यानेच दक्षिण कोरियाच्या सैनिकांच्या निवाऱ्याचे दार ठोठावले आणि आपण पळून आल्याचे सांगितले. या घटनेवरून तिथे मोठा गदारोळ झाला, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि पहारा यंत्राकडे देण्याच्या बाजूने हा दाखला वापरला गेला. माणसे चुकली हे खरेच आहे. पण त्याच रात्री त्याच कुंपणावर आपणहून गोळी झाडणारे यंत्र जागे असते तर काय झाले असते? गणवेशातला माणूस, रात्रीची वेळ, उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारा. यंत्राच्या हिशेबात याहून स्पष्ट लक्ष्य दुसरे नाही. आणि तो होता आश्रय मागायला आलेला एक जीव, ज्याने नंतर दारावर थाप मारली.

आता यंत्राच्या डोळ्यांविषयी. थर्मल कॅमेरा उष्णतेतला फरक पाहतो. आसपासची जमीन थंड असेल तर माणूस उजळ दिसतो. पण दिवसभर तापलेली जमीन आणि माणसाचे अंग यांचे तापमान एका पातळीला आले की तोच माणूस चित्रातून विरघळतो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अशी वेळ येऊ शकते. मराठवाड्यात एका मोठ्या साठवण केंद्राच्या कुंपणाची चाचणी आम्ही मे महिन्यात घेत होतो. संध्याकाळी सातच्या सुमारास आमचाच एक तंत्रज्ञ काळ्या दगडांच्या बांधापुढून ठरल्याप्रमाणे चालत गेला आणि पडद्यावर तो जवळजवळ दिसेनासा झाला. यंत्रणेने त्याची नोंदच केली नाही. तासाभराने सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन, कमरेत वाकलेली एक म्हातारी त्याच बांधावरून गेली. यंत्रणेने तिच्याभोवती चौकट काढली आणि खाली लिहिले: ‘जनावर’.

दोन वर्षांनी त्याच ठिकाणी नवी आवृत्ती बसवली. हिच्यात हत्यार ओळखण्याची सोय होती आणि विक्रेत्याचा तिच्यावर मोठा भर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतावरचा गडी तुषार सिंचनाचा लांब पाइप खांद्यावर टाकून नेहमीच्या पायवाटेने निघाला आणि पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकट उमटली. कंट्रोलवर बाविशीचा कंत्राटी सुरक्षारक्षक बसला होता. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “साहेब, हा तर पाटलांच्या रानातला गडी आहे, रोज जातो.” त्याला ते कसे कळले? चालण्याच्या ढबीवरून, वेळेवरून, मागून येणाऱ्या कुत्र्यावरून. यांपैकी एकही गोष्ट आमच्या यंत्रणेला शिकवलेली नव्हती. तिथे बंदूक नव्हती, म्हणून हा प्रसंग मी आज शांतपणे सांगू शकतो.

तुम्ही म्हणाल की हे जुने झाले, आता ओळख पुष्कळ सुधारली आहे. सुधारली आहे, यात शंका नाही. तरीही एक साधे गणित मांडून पाहा. समजा एका टापूत रात्रीत १,००० हालचाली टिपल्या जातात: कोल्हे, रानडुकरे, वाऱ्याने हलणारी झुडपे, गुराखी, गस्तीचे आपलेच जवान. वर्षाच्या या झाल्या ३,६५,००० हालचाली. समजा यंत्र १०० पैकी ९९ वेळा बरोबर असते. उरलेल्या एका टक्क्याने वर्षाकाठी सुमारे ३,६५० वेळा निरुपद्रवी हालचालीला ते ‘धोका’ म्हणेल. आणि समजा खरी घुसखोरी वर्षातून पाच वेळा होते. म्हणजे एका खऱ्या इशाऱ्यामागे सातशेहून अधिक खोटे. आकडे मी मानलेले आहेत, तुमच्या यंत्रणेचे वेगळे निघतील. पण जी घटना दुर्मिळ असते तिच्या इशाऱ्यांत खोट्यांचाच भरणा असतो, हे गणित कोणतीही कंपनी टाळू शकत नाही. माहितीपत्रकात छापलेली ‘९९ टक्के अचूकता’ वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, कारण सादरीकरणाच्या खोलीत तो कुणीच विचारत नाही.

आणि इथेच ‘परवानगी माणसाची’ या अटीची खरी परीक्षा होते. सातशे खोट्या इशाऱ्यांनंतर आलेल्या खऱ्या इशाऱ्याकडे पहाटे तीन वाजता माणूस कसा पाहतो? एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षातली नोंदवही मी एकदा तपासायला घेतली होती, कारण चोरी झाली होती आणि यंत्रणा वाजलीच नाही असा आरोप होता. यंत्रणा वाजली होती. त्या रात्री ४१ इशारे आले होते आणि ड्युटीवरच्या माणसाने त्यांतला प्रत्येक दोन-तीन सेकंदांत ‘पाहिले’ असे बटण दाबून मिटवला होता. चोराचाही त्यातच गेला. त्या माणसाला कामावरून काढले. मी माझ्या अहवालात लिहिले की दोष त्याचा एकट्याचा नाही. कोणताही माणूस त्या खुर्चीत बसला तर दुसऱ्या महिन्यात हेच करील. अहवालातले ते वाक्य पुढे गाळले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर कोरियातून एक माणूस समुद्रात पोहत दक्षिणेच्या किनाऱ्याला लागला, सांडपाण्याच्या मोरीतून आत शिरला आणि चालत पुढे गेला. तो पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांत अनेकदा टिपला गेला होता, इशाराही वाजला होता. पाहणाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. अशा दुर्लक्षाने घुसखोर निसटतो, हे नुकसान आहेच. पण पडद्यावर ‘पाहिले’ ऐवजी ‘गोळी झाडा’ असे बटण असेल, तर तीच यांत्रिक झालेली बोटे ते दाबतील. यंत्राने लाल चौकट आखून दिली आहे, वेळ सरते आहे, आणि ‘नाही’ म्हटल्यावर काही घडले तर चौकशी आपलीच होणार आहे. अशा वेळी माणूस निर्णय घेत नाही, तो यंत्राच्या निर्णयावर सही करतो.

हे अनुमान नव्हे. २३ मार्च २००३ रोजी इराकवरील हल्ल्याच्या सुरुवातीच्या दिवसांत अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र तुकडीने मोहिमेवरून परतणारे ब्रिटनचे टॉर्नेडो विमान पाडले आणि आतले दोघेही मारले गेले. यंत्रणेने विमानाला रडारचा वेध घेत येणारे क्षेपणास्त्र ठरवले होते. मित्र-विमान ओळखण्याची व्यवस्था त्या क्षणी उपयोगी पडली नाही. तुकडीजवळ ठरवायला जेमतेम मिनिटभर होते. तिथे माणूस होता, प्रशिक्षित होता, आणि अंतिम निर्णय त्याचाच होता. दहा दिवसांनी त्याच प्रकारच्या यंत्रणेने अमेरिकेच्याच नौदलाचे एक विमान पाडले. ज्यांच्याकडे पैसा, शिस्त आणि सरावाची कमतरता नाही त्यांची ही अवस्था झाली, तर दुर्गम चौकीवरच्या एकट्या ऑपरेटरकडून आपण काय अपेक्षा करणार?

निव्वळ यांत्रिक बिघाडही विसरून चालत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लोहाटला येथील लष्करी सरावात ३५ मिलिमीटरची विमानवेधी तोफ अचानक अनावर होऊन आपल्याच सैनिकांवर सुटली. ९ सैनिक ठार झाले आणि १४ जखमी झाले.

आता संपर्काचा प्रश्न. माणसाची परवानगी हवी तर यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये तार किंवा बिनतारी दुवा हवा. तो तुटला तर यंत्राने काय करायचे? उत्तर दोनच आहेत: गप्प राहायचे किंवा स्वतः ठरवायचे. गप्प राहायचे असेल तर शत्रू पहिला घाव त्या दुव्यावरच घालणार. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी गाझाच्या कुंपणावर हेच घडले. हमासने छोट्या ड्रोनमधून स्फोटके टाकून दळणवळणाचे मनोरे आणि बुरुजांवरच्या दूरनियंत्रित बंदुका निकामी केल्या. पडदे काळे पडले, कुंपण अनेक ठिकाणी फोडले गेले, आणि नहल ओझ येथील तळावर पडद्यांसमोर बसणाऱ्या अनेक तरुण निरीक्षक मुली मारल्या गेल्या. त्यांच्यापैकी काहींनी आधीच्या महिन्यांत कुंपणापलीकडच्या संशयास्पद सरावांच्या सूचना वर कळवल्या होत्या. त्या गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत, असे नंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनी सांगितले. यंत्राच्या भरवशावर कुंपणालगतची माणसे कमी केली, आणि माणसांच्या डोळ्यांनी पाहिलेले मात्र ऐकले नाही, अशी ही दुहेरी हानी आहे.

यातून धडा कोणता घेतला जातो याची मला काळजी वाटते. शहाणा धडा असा की कुंपणामागे माणसे हवीत. पण शस्त्र विकणारा वेगळाच धडा पुढे ठेवील: दुवा तुटला म्हणून बंदुका गप्प बसल्या, तर मग दुवा तुटल्यावर स्वतःच झाडणाऱ्या बंदुका घ्या. ‘परवानगी माणसाची’ या अटीपासून ‘परवानगी कुणाचीच नको’ इथपर्यंतची वाट अशी छोट्या छोट्या, त्या त्या वेळी रास्त वाटणाऱ्या पायऱ्यांनी उतरते.

ती वाट आधी एकदा उतरून झालेली आहे. पूर्व जर्मनीने १९७० नंतर पश्चिम जर्मनीलगतच्या जाळीच्या कुंपणावर ‘एसएम-७०’ नावाची साधने बसवली. तारेला धक्का लागला की शंकूच्या आकाराच्या नळकांड्यातून पोलादाचे धारदार तुकडे कुंपणाच्या रेषेत सुटत. अशी सुमारे ६०,००० साधने लावली गेली. माणूस असो की हरिण, तारेला दोन्ही सारखेच. मिखाएल गार्टेनश्लेगर या तरुणाने पश्चिमेकडून रात्री जाऊन त्यांतली दोन काढून आणली आणि जगाला दाखवली. तिसऱ्या खेपेला, १९७६ मध्ये, दबा धरून बसलेल्या सैनिकांनी त्याला ठार केले. आंतरराष्ट्रीय दबाव आणि पश्चिमेकडून हवे असलेले कर्ज यांपुढे झुकून अखेर १९८४ पर्यंत पूर्व जर्मनीने ही साधने उतरवली. आपल्याच पळून जाणाऱ्या नागरिकांना मारणाऱ्या राजवटीलाही ती कबूल करायची लाज वाटत होती, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या शिवारात या. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा प्रकार विदर्भात आणि इतरत्रही घडतो, आणि दर हंगामात त्या तारेला चिकटून कुणी शेतमजूर, कुणी शेजारी, कधी घरातलेच माणूस जाते. शेतकऱ्याला कुणाला मारायचे नसते. त्याची अगतिकता मी जवळून पाहिली आहे. तरीही कायदा त्याला सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. १९६३ साली बिहारमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्या शौचकूपाच्या वाटेवर विजेची उघडी तार लावणाऱ्या माणसाचा बचाव असा होता की मृत बाई विनापरवाना आत आली होती. न्यायालयाने तो फेटाळला: अनधिकृतपणे शिरणारा माणूस झाला म्हणून तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, आणि त्याला इजा व्हावी अशा हेतूने सापळा लावता येत नाही. गावातल्या तारेला जो न्याय, तोच सीमेवरच्या हुशार तारेला का नको? युद्धाचा कायदा वेगळा आहे हे मान्य. पण शरण आलेल्या, जखमी होऊन पडलेल्या किंवा लढाईत नसलेल्या माणसाला मारायचे नाही हा नियम तिथेही आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांचे तिसरे कलम हेच सांगते आणि भारत त्याने बांधलेला आहे.

आपल्या सीमेवर तर हा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण ती निर्मनुष्य नाही. पंजाबात कुंपणापलीकडे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत; ठरल्या वेळी दार उघडते, ओळख पटवून ते पलीकडे जातात आणि संध्याकाळी परततात. नजरचुकीने सीमा ओलांडलेली माणसे, कधी लहान मुले, कधी मनोरुग्ण, दोन्ही बाजूंचे सैनिक चौकशी करून परत पाठवतात. समुद्रावर पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि डोळ्यांना न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढून येतात. वर्षे वाया जातात, पण माणूस परत येतो. पलीकडच्या नौकेवर माणसाऐवजी आपणहून झाडणारी बंदूक असती तर? आपण जे यंत्र सीमेवर लावू, तेच दुसऱ्या बाजूलाही लागेल, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

आता तुमच्या बाजूने जो सर्वांत बळकट मुद्दा मांडता येईल तो मीच मांडतो. माणूस पहारेकरीही निरपराधांना मारतो. जुलै २००८ मध्ये कुमगांग पर्वतावर फिरायला गेलेल्या दक्षिण कोरियाच्या एका पर्यटक महिलेला उत्तरेच्या सैनिकाने गोळी घातली. आपल्याकडे ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या सहा मजुरांना सैन्याच्या तुकडीने अतिरेकी समजून ठार केले, आणि त्यानंतरच्या उद्रेकात आणखी माणसे मेली. भीती, थकवा, चुकीची खबर, सूडाची भावना यांपैकी काहीच यंत्राला नसते. मग यंत्र अधिक न्यायी नाही का ठरणार?

या प्रश्नापुढे मी बराच काळ अडलो होतो. भीती आणि थकवा यंत्राला नसतो, हे खरे. पण चुकीची खबर मात्र यंत्रालाही तितकीच फसवते, कारण ‘या वाटेने येणारा तो शत्रू’ हे त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. आणि ओटिंगमध्ये निदान विचारायला माणसे होती. पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले; केंद्राने खटल्याला मंजुरी दिली नाही, आणि त्या कुटुंबांना न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न कुणाला विचारायचा हे तरी ठाऊक होते. यंत्राने मारले तर आरोपपत्र कुणावर? ज्याने बटण दाबले तो म्हणेल, यंत्राने धोका दाखवला. कंपनी म्हणेल, वापराच्या अटी पाळल्या नाहीत. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणेल, मला दिलेल्या छायाचित्रांत मोळीवाली म्हातारी नव्हती. यांतला कुणीही खोटे बोलत नसेल, आणि तरीही एक माणूस मेलेला असेल.

यंत्र घाबरत नाही, हा गुण मी मान्य करतो आणि त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो. जवान लवकर गोळी झाडतो कारण एका क्षणाचा उशीर त्याच्या जिवावर बेततो. यंत्राला जीव नाही. ते थांबू शकते, पुढे जाऊन विचारू शकते, दिवा टाकू शकते, समोरच्याच्या भाषेत तीनदा ललकारू शकते, आणि समोरच्याने त्याच्यावर गोळी झाडली तर मोडू शकते. मोडलेले यंत्र दुसऱ्या दिवशी बदलता येते. म्हणजे यंत्राला पुढे ठेवण्याचे खरे कारण तेच त्याला बंदूक न देण्याचेही कारण आहे. जवानाचा जीव वाचवायचा तर त्याला बर्फातून उठवून शंभर पावले मागे, उबेत, नीट झोप मिळेल अशा पाळीत बसवा आणि डोळे पुढे पाठवा. गोळी झाडायची वेळ आलीच तर ती त्याच्या हाताने, त्याच्या जबाबदारीवर झाडली जाऊ दे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर काय चालले आहे ते थोडक्यात सांगतो. जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली या विषयावर तज्ज्ञ गट बसतो; २०१७ आणि २०१८ मध्ये त्याचे अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते, आणि २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने २०२१ मध्ये माणसांना लक्ष्य करणाऱ्या स्वायत्त शस्त्रांवर बंदी घालण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयीचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधातल्या चारांत भारत होता. हा विषय जिनिव्हातच हाताळला जावा, ही आपली भूमिका. तिच्यामागची कारणे मला कळतात: शेजार अवघड आहे आणि तंत्रज्ञानात मागे राहण्याची किंमत आपण पूर्वी मोजली आहे. तरीही निदान माणसांवर रोखलेल्या, जागेवर रोवलेल्या यंत्र-पहारेकऱ्यांपुरती तरी स्पष्ट मनाई भारताने स्वतःहून जाहीर करावी असे मला वाटते. आपल्याकडेही स्वतः लक्ष्य हेरणाऱ्या मशीनगनच्या चाचण्यांच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या आहेत. तेव्हा हे बोलायची वेळ आत्ताच आहे, खरेदीचे करार झाल्यावर नव्हे.

तुमच्या प्रकल्पाविषयी सांगायचे तर तो सोडू नका, फक्त त्याचे तोंड बदला. बंदुकीच्या जागी लेझर लावून ‘अचूक वेध’ दाखवणारा नमुना तुम्हाला गुण मिळवून देईल, पण तो भाग सोपा आहे. मोटर फिरवून चौकटीच्या मध्यावर आणणे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही जमते. अवघड भाग ललकारीचा आहे. यंत्राने हालचाल टिपल्यावर काय विचारावे, उत्तर न आल्यास किती थांबावे, बहिऱ्या माणसाचे काय, भाषा न कळणाऱ्याचे काय, हात वर केले आहेत पण हातात काठी आहे तेव्हा काय, आणि ‘मला खात्री नाही’ हे पडद्यावर बसलेल्या माणसाला कसे सांगावे, यावर काम करा. खात्री नसणे हे उत्तर यंत्राला देता आले पाहिजे. मी बसवलेल्या एकाही यंत्रणेला ते येत नव्हते, सगळ्या ठाम होत्या. संपर्क तुटल्यावर यंत्राने फक्त दिवा लावून गप्प राहावे, हे प्रोग्रॅममध्ये न ठेवता तारांच्या जोडणीतच पक्के करा.

आणि चाचणी कॉलेजच्या मोकळ्या गॅलरीत मित्रांना पळवून घेऊ नका. मे महिन्याच्या संध्याकाळी सात वाजता गावाबाहेर घ्या. सरपणाची मोळी, तुषार सिंचनाचा पाइप, मिटलेली छत्री, खांद्यावरचे खोरे, घोंगडे पांघरून वाकून चालणारा माणूस आणि त्याच्यामागे कुत्रा, एवढे बरोबर असू दे. यंत्र ज्या ज्या वेळी चुकेल त्या प्रत्येक वेळची नोंद प्रकल्प-अहवालात मागच्या परिशिष्टात न टाकता पहिल्या प्रकरणात द्या. त्या रात्रीचा मूळ डेटा मात्र पुसू नका. पुढे कुणी तुमचे काम पाहून त्याला बंदूक जोडायची का असे विचारले, तर तो त्याच्यासमोर ठेवता येईल.